झाकण उघडायचं नाही

आज सकाळी आम्ही एसी बंद केला. म्हणजे मी केला. बायको म्हणत होती, अजून चार दिवस थांब, दुपारी उकडेल. पण माझं पोटपाण्याचं कामच एसीचं. दोहाच्या मुशैरिब भागातल्या दोन ऑफिसच्या इमारतींत कुठल्या मजल्यावर किती गारवा सोडायचा, ते मी बघतो. दिवसभर दुसऱ्यांना गार ठेवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातलं बटण कधी बंद करायचं एवढं तरी कळायला हवं.

दोहाचा हिवाळा असा बटणाने सुरू होतो. एप्रिलपासून चाललेली घरघर थांबली की आधी कानाला चुकल्यासारखं होतं. मग एकेक करत घरातले बाकीचे आवाज परत येतात. भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक आहे हे मला दरवर्षी नोव्हेंबरात नव्याने कळतं. नंतर खिडकी. सात महिने बंद असलेली खिडकी सरळपणे उघडत नाही, रुळात पिठासारखी धूळ बसलेली असते. तिला दोन्ही हातांनी धक्का द्यावा लागतो, शिव्या द्याव्या लागतात, आणि मग ती अशी काही सरकते की आपणच बाहेर पडतो की काय असं वाटतं.

आणि मग वास येतात. उन्हाळ्यात या इमारतीत कोण काय खातं ते कोणाला कळत नाही. सगळे आपापल्या गार डब्यात बंद. खिडक्या उघडल्या की वरच्या मजल्यावरच्या केरळच्या कुटुंबाचं खोबरेल तेल, समोरच्या दारच्या इजिप्तच्या आजोबांचा भाजलेला लसूण, कुठूनतरी इथल्या दाट दुधाच्या कर्क चहाची वेलची, असं सगळं जिन्यातून आणि खिडकीतून एकमेकांकडे जायला लागतं. आठ वर्षं एका इमारतीत राहून ज्यांची नावं माहीत नाहीत, त्यांच्या फोडण्या मला पाठ आहेत. यात मला फार आनंद वाटतो. वसईच्या माणसाला शेजारच्या घरात काय शिजतंय ते कळलं नाही तर जेवण अंगी लागत नाही.

खिडकी उघडून झाल्यावर मी स्टुलावर चढलो आणि कपाटाच्या वरून स्लो कुकर खाली काढला.

हा कुकर आम्ही विकत घेतलेला नाही. मेसईदच्या पुढे समुद्राकाठी वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे आम्हा वसईकरांची दर हिवाळ्यात सहल असते. सहल म्हणजे सकाळी भजनाइतक्या गंभीरपणे हाउजी खेळायची आणि दुपारी जेवून वाळूत लोळायचं. तीन वर्षांपूर्वी माझ्या बायकोला, सँड्राला, फुल हाउस लागलं. मोठा खोका मिळाला. तिला वाटलं ओव्हन आहे. घरी येऊन उघडला तर आत अंडाकृती जड मातीचं भांडं, काचेचं घुमटासारखं झाकण आणि तीन खुणा असलेलं एक बटण: बंद, मंद, जास्त. सँड्रा हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिची ड्यूटी सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत. दमून आलेल्या माणसाला उकळायला दहा तास घेणारं भांडं दाखवलं तर तो काय म्हणेल? तिने झाकण लावलं आणि खोका कपाटावर गेला.

मी मात्र त्याचं माहितीपुस्तक काढून ठेवलं. मला माहितीपुस्तकं वाचायला आवडतात. घरात याची थट्टा होते, पण जगातल्या निम्म्या बिघाडांचं कारण माणसं पुस्तक वाचत नाहीत हेच असतं असं माझं ठाम मत आहे. त्या पुस्तकात पहिल्याच पानावर चौकटीत लिहिलं होतं: शिजत असताना झाकण उघडू नका. प्रत्येक वेळी उघडल्यास अर्धा तास जास्त लागेल. मला ते फार पटलं. ऑफिसात मी प्रत्येक दारावर अशाच पाट्या लावून ठेवल्या आहेत.

गेल्या हिवाळ्यात सँड्राची आई आमच्याकडे आली.

त्याआधीच्या पावसाळ्यात सँड्राचे वडील गेले. वसईला त्यांची वाडी आहे. केळी, पानवेल, थोडा मोगरा. अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत ते पाटाचं पाणी लावायला जात होते. सँड्रा पोहोचली ती थेट दफनाच्या दिवशी, आणि बाराव्या दिवशी परत ड्यूटीवर. आईजवळ बसणं झालंच नाही, हे तिच्या मनात राहून गेलं. म्हणून डिसेंबर ते मार्च असा अख्खा हिवाळा आईला इथे ठेवून घ्यायचं तिने ठरवलं. तिकीट काढलं, व्हिसा काढला, मऊ तळव्याचे बूट आणून ठेवले. आमच्या नऊ वर्षांच्या जेनीने स्वतःच्या खोलीतली अर्धी जागा आजीला दिली आणि दारावर इंग्रजीत तशी पाटी लावली. पाट्यांची हौस तिने माझ्याकडून घेतली आहे.

मम्मी आल्या. मी त्यांना मम्मी म्हणतो. बॅगेत निम्मी जागा सुकेळ्यांनी भरलेली होती, आपली वसईची उन्हात वाळवलेली केळी, सुकलेल्या पानांत बांधलेली, मधासारख्या वासाची. ती एवढी होती की आम्ही इमारतीत सगळ्यांना वाटली. आणि हे करून झाल्यावर मम्मींना दुसरं काही कामच उरलं नाही.

आमच्याकडे सासूने जावयाच्या घरी राहायचं म्हणजे अवघड मामला. पाहुणी म्हणून चार दिवस ठीक. पण तिथे कायमचं बसून खायचं, तेही जावयाने रांधलेलं, म्हणजे मम्मींच्या दृष्टीने जवळजवळ पापच. सँड्रा बारा तास बाहेर, त्यामुळे घरचा स्वयंपाक बराचसा माझ्याकडे असतो. मी ताट वाढायला लागलो की त्या उभ्या राहायच्या. मी बसा म्हणालो की बसायच्या, पण खुर्चीच्या टोकावर. जेवायच्या चिमणीएवढं. पेज, लोणचं, पुरे. मला सगळं अहो-जाहो. "तुम्ही कशाला त्रास घेता" हे वाक्य मी पहिल्या पंधरा दिवसांत इतक्या वेळा ऐकलं की जेनी त्यांची नक्कल करायला लागली. एरवी ती मराठी बोलत नाही, पण हे वाक्य तिला अगदी वसईच्या चालीत यायचं.

स्वयंपाकघरात मात्र त्या पाऊल टाकत नसत. सँड्राने दोनदा म्हटलं, मम्मी, तू काहीतरी कर ना. त्या म्हणाल्या, कुणासाठी करू? मग स्वतःच दचकल्या.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी सँड्राला जवळ बोलावलं.

"बाय, तिकीट जरा अलीकडं नाय का करता येणार? तुमची कामं चालतात. मी नुसती बसून."

सँड्रा बरं म्हणाली, बघते म्हणाली. मग आत जाऊन नळ सोडून बसली. माझी बायको रडते तेव्हा नळ सोडते, म्हणजे मला ऐकू जाणार नाही अशी तिची समजूत आहे. मी दाराबाहेरून म्हणालो, तिकीट आत्ताच बदलू नको, मला एक आठवडा दे. काय करणार, असं तिने विचारलं. मला काही सुचलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, इष्टू करतो.

इष्टू म्हणजे स्ट्यू. आपल्या वसईकडे त्याला इष्टूच म्हणतात. मांसाचे मोठे तुकडे, कांदा, बटाटा, गाजर, अख्खी मिरी, दालचिनी, दोन लवंगा, उभी चिरलेली हिरवी मिरची, वरून व्हिनेगरचे चार थेंब. मसाल्याच्या बाटलीला हातसुद्धा लावायचा नाही. सँड्राच्या माहेरी दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर हाच असायचा, आणि तिच्या वडिलांचा त्यावर फार जीव. मी विचार केला, दहा तास मंद आचेवर शिजलेलं मऊ मांस, पातळ गरम रस्सा, त्यात बुडवायला खुबूस, इथली चपटी रोटी. याने नाही माणूस घरचं झालं तर कशाने होणार?

मांसाच्या दुकानात गेलो. इथे काउंटरवर प्रत्येक ट्रेमध्ये त्या त्या देशाचं नाव खोचलेलं असतं. पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, भारत. मी बराच वेळ विचार करून आपल्या देशाचं घेतलं, पायाचा भाग, नळीसकट. घरी आल्यावर मम्मींनी पिशवीत डोकावून कुठलं आहे विचारलं, आणि सांगितल्यावर म्हणाल्या, बिचारं तेपण एवढ्या लांब आलं. त्या आल्यापासून त्यांनी केलेला हा पहिला विनोद होता, पण तो विनोद आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सगळं चिरलं, मांस परतलं, भांड्यात भरलं, बटण मंदवर ठेवलं. मम्मींना नीट सांगितलं: काही करायचं नाही, हे आपोआप होतं, झाकण उघडायचं नाही. त्यांनी मान डोलावली. मी जेनीला शाळेच्या बसमध्ये बसवून कामाला गेलो. संध्याकाळी सव्वासातला सँड्रा आली, आम्ही चौघं बसलो, मी झाकण उघडलं. वास बरा होता. रस्सा पाण्यासारखा होता आणि मांस असं की जेनीने एक तुकडा बराच वेळ चावला, मग सभ्यपणे रुमालात ठेवला आणि म्हणाली, "इट्स ओके, पप्पा." मम्मी म्हणाल्या, छान झालंय, तुम्ही कशाला त्रास घेता.

मी पुस्तक काढलं. सगळं नियमाप्रमाणे झालेलं होतं. एक दिवस सोडून परत केलं. या वेळी पाणी निम्मं घातलं. संध्याकाळी बघतो तर रस्सा होता तेवढाच, पातळ, वरपर्यंत, आणि मांस तसंच दातांशी भांडणारं. मला आपल्या देशाच्या मांसाचा संशय आला, म्हणून ऑस्ट्रेलियाचं आणलं. मग कुकरचा संशय आला. सॉकेटला मीटर लावून पाहिला, विजेचा दाब ठीक होता. निम्मं पाणी घालून भांडं भरतं कसं, याचं उत्तर माझ्या सगळ्या यंत्रज्ञानात नव्हतं. एका रात्री सँड्राने विमान कंपनीचं पान उघडलं होतं हे मी पाहिलं. आठवडा संपत आला होता.

तिसऱ्या वेळी मी ऑफिसचं ओळखपत्र घरी विसरलो. मुशैरिबला उतरून गेटपर्यंत गेलो, खिसे चाचपले, आणि तसाच मेट्रोने परत आलो. साडेनऊ वाजले असतील. किल्लीने दार उघडलं. घर शांत होतं, एसी नाही, काही नाही, फक्त घड्याळ. आणि स्वयंपाकघरात मम्मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. डाव्या हातात काचेचं झाकण, उजव्या हातात डाव, चष्मा वाफेने पांढरा झालेला. शेजारी पाण्याने भरलेला पेला.

त्यांना मी दिसलो नाही, कारण चष्म्यातून काहीच दिसत नव्हतं. मी हाक मारली तशा त्या उठून उभ्या राहिल्या. सत्तरीच्या बाईच्या चेहऱ्यावर साखर चोरताना सापडलेल्या पोराचा भाव मी पहिल्यांदाच पाहत होतो. "उकळतच नाय ओ," त्या म्हणाल्या. "आवाज नाय, काय नाय. किती वेळ बघते."

मला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही थोडं थोडं. मी पुस्तक आणलं. चौकट दाखवली. समजावून सांगितलं की झाकण उचललं की आतली सगळी उष्णता निघून जाते, यंत्राला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि वरून गार पाणी घातलं तर विचारायलाच नको. किती वेळा उघडता, असं विचारलं. त्यांनी खरं सांगितलं. दर पाव तासाने. पाणी कशाला? तर त्यांच्याकडे मांसाच्या टोपावर नेहमी ताटली ठेवतात आणि ताटलीत पाणी. रस्सा आटला की तेच कढत पाणी आत सोडायचं. या घुमटावर ताटली बसेना, म्हणून मग उघडलंच आहे तर पेल्यातलं घोटभर. मी म्हणालो, पण मम्मी, मी सांगितलं होतं ना?

त्या परत स्टुलावर बसल्या. झाकण अजून हातातच होतं.

"आमच्या घरी टोपाचं झाकण मी कधी असं सारखं उघडलं नाय," त्या म्हणाल्या. "हे उघडायचे. वाडीतनं यायचे, हात धुणं नाय, पाय धुणं नाय, चिखलाचे तसे चुलीपाशी. झाकण उघडून नाक घालायचे. चाळीस वर्षं ओरडले मी त्यांना. आता इथं मांस शिजतंय, घरभर वास सुटलाय, आणि झाकण उघडायला कोण येतच नाय. मला कसं तरी होतं. म्हणून मीच उघडते."

माझ्याजवळ सगळ्या दारांसाठी पाट्या आहेत. त्या सकाळी एकही उपयोगाची नव्हती. मी पुस्तक मिटलं, कर्क चहा केला, दोघं प्यायलो. मग म्हणालो, बघा तुम्ही, उघडा, काही होत नाही. आणि कामाला गेलो. ओळखपत्र घेऊन गेलो हे विशेष.

संध्याकाळी सँड्राला सगळं सांगितलं. तिला हसायला येईल असं वाटलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, मी विसरलेच होते. पप्पा आले की आधी झाकणाचा आवाज यायचा, मग मम्मीचा. त्यावरून आम्हाला कळायचं की जेवायला बसायचं.

त्या शुक्रवारी सँड्राला सुटी होती. इथे शुक्रवार हाच आमचा रविवार. चर्चला गर्दी तेव्हाच, दहा भाषांतले मिस्सा एकामागोमाग. मी पहाटे तीनला उठून चौथा इष्टू लावला. निघताना मम्मी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळल्या. घरात कुणी नसताना चार-पाच तास भांडं चालू ठेवायचं हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी पुढे झाल्या, भाकरीच्या पिठावर करतात तशी झाकणावर बोटाने क्रुसाची खूण केली आणि चला म्हणाल्या.

त्या दिवसाचं ऊन मला अजून आठवतं. दोहाचं हिवाळ्यातलं ऊन अंगावर घेता येतं, गावी नाताळात अंगणात बसून घेतो तसं. मिस्सा झाल्यावर आम्ही सूक वाकिफच्या जुन्या बाजारात गेलो. मसाल्यांच्या गल्लीत मम्मी आल्यापासून पहिल्यांदाच आमच्या पुढे चालत होत्या. दालचिनी मोडून बघत होत्या, मिरी दाताखाली धरत होत्या. एका पोत्यापाशी थांबल्या. आत काळी, हलकी, सुकलेली लिंबं होती. इकडे त्यांना लूमी म्हणतात, रश्श्यात टाकतात. त्यांनी एक उचलून कानाजवळ हलवलं, नाकाला लावलं, आणि दुकानदाराला चक्क मराठीत विचारलं की हे किती दिवस उन्हात ठेवतात. त्याने हिंदीत काहीतरी उत्तर दिलं. ते दोघं बराच वेळ आपापल्या भाषेत लिंबं वाळवण्यावर बोलत राहिले. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, केळी सुकवायची अक्कल आम्हाला आली, लिंबाचं कसं नाय सुचलं? मूठभर लिंबं घेतली. "शुक्रन," जेनीने शाळेतल्या अरबीत दुकानदाराचे आभार मानले. "शुक्रन हां," मम्मीही म्हणाल्या.

घरी पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. लिफ्टचं दार उघडलं आणि वास जिन्यातच भेटला. इजिप्तचे आजोबा दार किलकिलं करून उभे होते. त्यांनी मला बोटांचा मुका घेऊन दाखवला. आत शिरल्यावर सगळे बूट काढायला वाकले. मी नाही वाकलो. ठरवून केलं असं मी हल्ली लोकांना सांगतो, आणि थोडं ठरवलं होतंही. पण खरं सांगायचं तर सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि त्या वासाने माझा ताबा घेतला होता. बूट घातलेले, हातांना सूकची हळद आणि मिरपूड, तसाच सरळ स्वयंपाकघरात गेलो, झाकण उचललं आणि वाफेत तोंड घातलं.

"नेल्सन, हात धुतलेस का?"

आवाज मागून आला आणि असा आला की माझ्या हातून झाकण निसटतानिसटता राहिलं.

"बाहेरनं आला तसा टोपात डोकं घालतो. पायात बूट. एवढा मोठा झाला, अक्कल नाय काडीची. ठेव ते खाली."

मम्मींचा हात आपोआप तोंडावर गेला. जावयाला आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. जेनी तोंड दाबून खुसखुसत होती. सँड्रा एक बूट हातात आणि एक पायात अशी भिंतीला टेकून उभी होती. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या वेळी तिने नळ सोडलेला नव्हता. मला आनंदाने काय करावं ते कळेना. मी झाकण धरून उभा राहिलो.

मम्मी पुढे आल्या, माझ्या हातातून झाकण घेतलं, भांड्यात दोन काळी लिंबं टाकली आणि झाकण बसवलं. "आता अर्धा तास जास्त लागेल," त्या म्हणाल्या. "तुझ्याच पुस्तकात लिवलंय. जा, हात धुऊन ये."

मी गेलो. हात धुतले, दोनदा धुतले. अर्ध्या तासाने आम्ही जेवायला बसलो. मांस चमच्याने तुटत होतं. रश्श्यात लिंबाचा आंबटपणा होता, धुरकट, कुठल्याही वसईकराने कधी इष्टूत न चाखलेला, आणि तो तिथलाच वाटत होता. मम्मी खुर्चीला पाठ टेकून बसल्या होत्या. दोनदा वाढून घेतलं. खुबूसने ताट पुसलं आणि म्हणाल्या, मिरी कमी पडली. माझ्या स्वयंपाकाला त्यांनी नाव ठेवलं तो हा पहिला दिवस. तिकिटाचं त्यानंतर कोणी बोललं नाही. जे मार्चचं होतं ते मार्चचंच राहिलं.

मग तो हिवाळा कसा गेला ते सांगता यायचं नाही, इतका भरकन गेला. मधे एकदा पहाटेचं धुकं इतकं दाट आलं की समोरची इमारत पुसली गेली, आणि मम्मी नाताळचा नवा स्वेटर घालून गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, अगदी वाडीत असल्यासारखं वाटतं. एका दुपारी धुळीचा वारा आला आणि आम्ही धावत सगळ्या खिडक्या लावल्या. मेसईदच्या सहलीला मम्मींना हाउजीत वरची ओळ लागली, टॉवेलांचा जोड मिळाला. स्वयंपाकघर त्यांनी हळूहळू ताब्यात घेतलं. मी पहाटे इष्टू लावायचो, त्या दिवसभर तीनदा उघडायच्या. तसा आमचा तह झाला होता. पाणी बंद. ते तीन अर्धे तास मी आधीच हिशेबात धरून बटण लवकर चालू करायचो. आणि मी कामावरून आलो की चौथ्यांदा मी उघडायचो, बुटासकट, आणि बोलणी खायचो. कधी विसरलो आणि आधी हात धुवायला गेलो, तर त्या मुद्दाम भांड्याजवळ घुटमळत राहायच्या. जेनीसुद्धा शिकली. शाळेतून आली की दप्तर पाठीवर घेऊनच स्वयंपाकघरात, आणि आजी म्हणे, ही पण बापासारखी. "आय ॲम जस्ट चेकिंग, आजी," ती म्हणायची. आजीला इंग्रजी येत नाही, पण हे कळायचं.

मार्चच्या शेवटी खिडक्या बंद झाल्या, एसी सुरू झाला आणि मम्मी गेल्या. विमानतळावर त्यांनी सँड्राला जवळ घेतलं, जेनीला घेतलं आणि मला म्हणाल्या, मिरी जास्त घाल.

तर आज खिडकी उघडली, कुकर खाली काढला, पुसला. भांड्याच्या कडेला एक छोटा टवका उडालेला आहे, तो मम्मींच्या डावाचा. पायाचा भाग कालच आणला होता. मिरी जास्त घातली. लूमी दोन. साडेपाचला बटण मंदवर ठेवलं. शुक्रवार आहे, सँड्रालाही सुटी आहे, मिस्सा करून आम्ही नुकतेच आलो आहोत. जानेवारीत मम्मी येणार आहेत. या वेळी त्यांनी तिकीट स्वतः सांगून घेतलंय, मार्चच्या शेवटापर्यंतचं, आणि सुकेळी वाळत घातलीयत असा निरोप आहे.

आत्ता फोनवर त्याच आहेत. सँड्राने फोन माझ्या तोंडासमोर धरलाय. पडद्यावर वसईचा ओटा, मागे केळीची पानं, आणि फार जवळ आलेला चष्मा. काय करतोस, त्या विचारतात. इष्टू, मी सांगतो. उकळतोय का? उकळत नाही, मम्मी, हा उकळत नसतो. मग झाकण उघड, बघू दे, त्या म्हणतात. मी म्हणतो, अजून तीन तास आहेत, पुस्तकात उघडायला मनाई आहे. पुस्तक ठेव बाजूला, त्या म्हणतात.

मी झाकण उचलतो. वाफ उसळते, आणि फोनचा पडदा पांढरा होतो, त्यांना इकडचं आणि आम्हाला तिकडचं काही दिसेनासं होतं. मांस दिसत नाही, मी दिसत नाही. त्या पांढऱ्या वाफेतून, एवढ्या लांबून, त्यांचा आवाज येतो.

"हात धुतलेस का?"

नव्हते धुतले.